फेरपरीक्षा

"मॅडम, मला नापास करा," असं म्हणत ऋग्वेद खांबेटे प्राध्यापिका सुनेत्रा दाभाडेंच्या केबिनमध्ये शिरला, तेव्हा प्लेसमेंटचा शेवटचा दिवस संपत आला होता.

‘जबाबदार व्यवस्थापन’ या विषयात तो वर्गात पहिला आला होता. या पेपरात लिहायचं काही नसे. कारखान्याचा एखादा निर्णय घ्यायचा आणि डोक्यावर टोपी चढवायची. त्या निर्णयाचा फटका ज्या माणसाला बसणार, त्याचा एक अख्खा दिवस टोपी जगायला लावी. मनाला जितकं लागेल तितके गुण. ऋग्वेदने रंगाचं पाणी नदीत सोडायला परवानगी दिली होती. नदीकाठच्या एका आईचा दिवस जगून आल्यापासून पाण्याचा ग्लास त्याला हातात धरवत नव्हता.

"कंपन्या आधी याच पेपरचे गुण बघतात," तो म्हणाला. "ज्यांना काही वाटत नाही, त्यांनाच घेतात. मी एकटाच उरलोय."

"गुण टोपी देते. माझ्या हातात काही नाही."

"मग फेरपरीक्षा घ्या. टोपी पुन्हा पुन्हा घाला, काही वाटेनासं होईपर्यंत."

असं खरंच होतं का, हे त्याने विचारलं नाही. सुनेत्राबाईंना ते ठाऊक होतं. दर वर्षी परीक्षेआधी प्रत्येक टोपी त्या स्वतः घालून तपासत.

त्यांनी टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवली. निदान आपला हात तरी थरथरेल, असं त्यांना वाटलं होतं.

थरथरला नाही.