यादीतला तिसरा पर्याय

“सैनिकाशी तुमचं नातं काय?” मी विद्यापीठाच्या खिडकीतून विचारलं.

“मीच सैनिक आहे, साहेब.”

निवृत्त हवालदार, वय बेचाळीस, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून सैन्याचं डिस्चार्ज बुक काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवलं. सैनिक कुटुंबांसाठीच्या फी-सवलतीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये नात्याचे तीनच पर्याय होते: मुलगा, मुलगी, विधवा. सैनिक स्वतःच शिकायला येईल, हे फॉर्म बनवणाऱ्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी वरच्या ऑफिसला तीन पत्रं लिहिली. ‘विचाराधीन’, एवढंच उत्तर आलं. हवालदार दर सोमवारी खिडकीशी यायचे, माझा चेहरा बघायचे आणि “असू द्या, येतो परत,” म्हणून वर्गात जायचे.

दिवाळीनंतर त्यांच्या पत्नी आल्या. माझ्याकडे राहिलेलं डिस्चार्ज बुक त्यांना परत हवं होतं. वॉचमनच्या ड्युटीवरच हवालदार हार्ट अटॅकने गेले होते.

काय बोलावं सुचेना, म्हणून मी नियम सांगितला. तुम्हाला शिकायचं असेल, तर फी माफ होईल.

त्यांनी डिस्चार्ज बुक उघडून पाहिलं. मग म्हणाल्या, “बारावी झालीय माझी. पुस्तकं आहेतच घरात.”

मी फॉर्म उघडून तिसरा पर्याय निवडला. पहिल्याच झटक्यात स्क्रीनवर हिरवी खूण उमटली.

“झालं?” त्या खिडकीतून वाकून बघत म्हणाल्या. “मग ह्यांना एवढ्या खेपा का घालाव्या लागल्या?”