अब्बांचं इंजिन

तिसरं इंजिनही तबिशने नाकारलं, तेव्हा कासमने हातातला पाना फडक्याने स्वच्छ पुसला आणि जागेवर टांगला. एवढी टापटीप तो फक्त फार चिडल्यावरच दाखवायचा.

"आता याला काय झालं?" त्याने विचारलं.

"बघतो चाचा. पुढच्या आठवड्यात सांगतो."

"पुढच्या आठवड्यात शर्यतींचा सीझन खलास."

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या कासमच्या गॅरेजमध्ये तिन्ही इंजिनं ओळीने मांडली होती. पहिलं बिडाचं, भलंमोठं. ते म्हणे जड, गाडीचं नाक खाली जाईल. दुसरं त्याहून लहान, सुटे भाग कुठेही मिळतील असं. ते म्हणे सगळेच बसवतात. तिसरं अपघातात चेपलेल्या नव्याकोऱ्या गाडीतलं, ॲल्युमिनियमचं, हलकं आणि दणकट. त्याच्यासाठी कासमने सहा भंगारवाले पालथे घातले होते. त्याच्यात खोट काढायला जागाच नव्हती. म्हणून तबिश नुसताच टेबलापाशी बसून राहिला. टेबलावरची बिलं उडू नयेत म्हणून भोक पडलेला एक जुना पिस्टन ठेवलेला असे. तबिश तो हातात घेऊन फिरवू लागला. लहानपणापासूनची त्याची ही सवय होती.

पलीकडे कॅप्रिस उभी होती. अठ्ठ्याहत्तर सालची, साडेपाच मीटर लांब, वळवायची म्हटलं की दोन माणसं उतरून हातवारे करणार. ही गाडी तबिशच्या वडिलांची, रहमानची. तो आणि कासम एकाच वर्षी रत्नागिरीहून कतारला आले होते. रहमान दोन वर्षांपूर्वी गेला. तबिशने त्याला ही गाडी साठच्या पुढे नेताना कधी पाहिलं नव्हतं. जेवणाचे डबे पोचवणारी पोरं त्याला मागे टाकून जायची आणि घरची माणसं त्याची यथेच्छ चेष्टा करायची. "इंजिन जपावं लागतं," एवढंच तो म्हणायचा. तबिशने अठराव्या वर्षी मोटारसायकल आणली, तेव्हा रहमानने ती आठवड्याच्या आत विकायला लावली होती.

त्याच गाडीला तबिशने या हिवाळ्यात शर्यतीत उतरवलं. चारशे मीटरचा सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, पुढे जाईल तो जिंकला. तबिश चार वेळा धावला आणि चारही वेळा हरला. शेवटच्या खेपेला त्याला हरवणाऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली होती. लोक पोट धरधरून हसले. गाडी कासमच्या गॅरेजमधली हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यालाही मान खाली घालावी लागली.

"दोन टनांचं धूड आणि सहा सिलिंडर," कासम म्हणाला. "हरणार नाहीस तर काय? मी चार महिने इंजिनं शोधतोय आणि तू नवरी पसंत करायला आल्यासारखा खोड्या काढतोयस."

तबिशने मान वर केली नाही. "चाचा, खरं सांगू? इंजिनात खोट नाही. अब्बांनी आयुष्यभर जपलेलं इंजिन उपटून भंगारात टाकायला माझा हात धजत नाही. म्हणून गाडीच देऊन टाकतोय. मुऐदर भागातला एक जण उद्या न्यायला येतोय. लग्नाच्या वरातीत फिरवणार म्हणाला. इंजिनाला हात लावणार नाही, असं कबूल केलंय त्याने."

 कासमला असा संताप आला की कानशिलं तापली. पोरावर आला, रहमानवर आला आणि स्वतःवरही आला. तेहतीस वर्षं एक शब्द पाळायचा, आणि त्यापायी गाडी वरातीला जायची. त्याने स्टूल ओढलं आणि तबिशसमोर बसला.

"अब्बांचं इंजिन तुझ्या हातात आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तो पिस्टन. आठ सिलिंडरचं इंजिन होतं ते. एवढाच तुकडा उरलाय."

तबिशचा हात थांबला.

"ब्याण्णव साल. तू आईच्या पोटात होतास. जुम्म्याची सकाळ, सल्वा रोड मोकळा. त्याच्या शेठच्या पोराने डिवचलं आणि तुझ्या बापाने लावली शर्यत. इंजिनाच्या चिंध्या झाल्या. ओढत इथे आणली गाडी. आता आहे ते इंजिन मी भंगारातल्या व्हॅनमधून काढून घातलंय. साठच्या पुढे गेलं की थरथरतं, म्हणून तो साठवर चालवायचा. तुझ्या आईला, ताहेरुन्निसाभाभीला, कळू नये म्हणून त्याने मला शपथ घातली. आज तू ती मोडायला लावलीस."

तबिशने पिस्टनच्या भोकात बोट घालून पाहिलं. मग त्याने फोन काढला. मुऐदरच्या माणसाला सॉरी म्हणाला, गाडी द्यायची नाही म्हणाला आणि फोन ठेवला. उठून त्याने ऑफिसच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, तिसऱ्या इंजिनावर थाप मारली.

"यल्ला चाचा, चला. काढा ते व्हॅनचं बाहेर."

बॉनेट उतरलं. साखळी लागली. कासम चेनपुली ओढत होता आणि चोरून पोराच्या तोंडाकडे पाहत होता. तबिश शेवटचे बोल्ट सोडवत होता. मेलेल्या दोस्ताला आपण त्याच्या मुलाच्या नजरेतून उतरवलं, असं कासमला वाटलं आणि फार वाईट वाटलं. इंजिन गाडीतून सुटलं आणि हवेत हेलकावे खाऊ लागलं. तबिशने ते दोन्ही हातांनी धरून स्थिर केलं.

"चाचा," त्याने खालच्या आवाजात विचारलं, "अब्बा जिंकले होते का?"

कासमने साखळी हातात घट्ट धरली.

"इंजिन फुटेपर्यंत पुढे होता."