परसू विरुद्ध धनलक्ष्मी

"आता काय झालं?" शुभदानं विचारलं.

"ह्या बाईंनी परत चादरींची ट्रॉली माझ्या किचनच्या दारात लावली," परसू म्हणाला.

"मग काय डोक्यावर घेऊन फिरू?" धनलक्ष्मी फणकारली.

बंगळूरमधल्या व्हाइटफील्डच्या त्या हॉटेलात भांडणांना तोटा नव्हता, पण ह्या दोघांची बातच न्यारी. परसू निपाणीचा, पहाटेपासून नाश्त्याच्या किचनमध्ये. धनलक्ष्मी बेळगावची, दुपारी तो सुटला की ही हाउसकीपिंगला चढायची ती मध्यरात्रीपर्यंत. ठेकेदार वेगळे, सुट्टीचा वारही वेगळा. पाळ्या एकमेकींना शिवत नाहीत, तरी दर आठवड्याला तक्रार! शुभदाला नवल वाटायचं. पुण्याहून एचआर म्हणून आल्यापासून तिनं कितीतरी भांडणं मिटवली होती. हे तेवढं मिटेना.

तिची पद्धत ठरलेली. पाळी बदलताना दोघांना केबिनमध्ये समोरासमोर बसवायचं, मनातलं सगळं बोलू द्यायचं. आणि हे दोघं बोलायचे तरी किती! ट्रॉलीवरून लिफ्टवर, लिफ्टवरून सांडलेल्या सांबारावर. बोलावलं की वेळेआधीच दारात हजर. एकदा फोन आला म्हणून शुभदा बाहेर गेली, तर परत येऊन दार उघडताच दोघं चिडीचूप, माना खाली. बाई गं, इतकं वैर!

"जुनं काही आहे का?" आज तिनं विचारलंच. "गावाकडचं? जमिनीबिमिनीचं?"

"तसलं काही नाही, मॅडम."

"मग ऐका. मालक वैतागलेत. आजच्या आज एकाला काढायला सांगितलंय. मला खरंच वाईट वाटतंय, पण सांगा, चूक कोणाची?"



"माझी," परसू म्हणाला. "मला काढा."

"अय्यो, त्यांचं ऐकू नका!" धनलक्ष्मी रडवेली झाली. "सगळी चूक माझी. मला काढा मॅडम, त्यांना नको."

शुभदा चक्रावली. "अहो, मघाशी तर एकमेकांच्या उरावर बसत होतात!"

परसूनं धनलक्ष्मीकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवली.

"मॅडम, लग्न झाल्यापासून मी घरी पोचतो तेव्हा ही इथं, आणि ही येते तेव्हा मी झोपेत. जागेपणी समोरासमोर बसायला आम्हाला तुमची ही केबिनच तेवढी आहे."