पाव इंच

"ज्याने त्या बोटीत चोरकप्पे केले, त्याचे हात मला हवेत," सुतार म्हणाला आणि लाकूड तासायच्या वाकसाला धार लावत राहिला.

वीस दिवसांपूर्वी बंदराच्या तोंडाशी त्याच्या मुलाची मासेमारीची बोट पाणसुरुंगावर फुटली होती. हाती लागली ती फक्त एक चप्पल. सुरुंग टाकणारी बोटसुद्धा लढाईची नव्हती, साधी मालवाहू होती. काल ती पकडून धक्क्याला आणली. खलाशी पसार झाले होते. पण कप्पे करणारा याच गावातला असणार, असं नौदलाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं. इथल्या प्रत्येक सुताराचा हात हा ओळखतो, म्हणून यालाच बोलावणं आलं.

"पट्टी कशाला घेताय?" बायकोने विचारलं.

"असू दे."

त्या लाकडी पट्टीची गावभर थट्टा व्हायची. मुलाने पाचव्या वर्षी करवत चालवून बघितली ती नेमकी तिच्याच टोकावर. पाव इंच गेला. सुताराने पट्टी बदलली नाही. मोजताना तेवढं मनात धरायचा. घाईत विसरायचा, मग गिऱ्हाईक बोंबलत यायचं. दोन महिन्यांपूर्वी कोठारासाठी सहा झाकणं तातडीने करून नेणारा परगावचा व्यापारी मात्र बिचारा एका शब्दानेही कुरकुरला नाही.

बायको धक्क्यापर्यंत बरोबर आली. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

"मेल्याचे हात माझ्यासमोर तोडा. मी डोळे मिटणार नाही."

"तुझ्यासमोरच," तो म्हणाला. इतका राग त्याला आयुष्यात कधी आला नव्हता.

बोटीच्या मागच्या भागात अधिकाऱ्याने बॅटरी धरली. "वर पोती रचलेली, खाली हे कप्पे. झाकण उघडलं की सुरुंग घरंगळत पाण्यात. बघा, कुणाचा हात वाटतो?"

सुताराने वाकून झाकणावरून बोटं फिरवली. काम सफाईचं होतं. एका कडेला मात्र लाकडाची बारीक चीप ठोकून फट बुजवली होती.

"तशी चीप सगळ्यांनाच आहे," अधिकारी हसला. "सहाच्या सहा झाकणं पाव इंच आखूड! असला कसला हो सुतार?"

सुतार शिडी चढून धक्क्यावर आला. बायको पुढे धावली.

"सापडला?"

त्याने कमरेचा वाकस काढून तिच्या हातात दिला आणि आपले दोन्ही हात पुढे केले.