निर्दोष दाढ

"देव नसला तर माणूस चोऱ्या करत सुटेल, असं तुम्ही म्हणता. म्हणजे तुमची माणसं नुसत्या धाकानं सरळ! मी नाही कुणाला भीत, गुरुजी. मी विचार करतो आणि नीट वागतो," दातांचा डॉक्टर म्हणाला आणि त्यानं चिमट्याला हिसका दिला.

खुर्चीत आडवे झालेले गुरुजी समोरच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनं करत. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, डोळ्यांत दिसत होतं. पण अर्धं तोंड बधिर आणि उरलेल्या अर्ध्यात डॉक्टरचा हात. ते नुसतेच "आँ" म्हणाले. वादाला डॉक्टरला हीच वेळ आवडे.

दाढ सुटून हातात आली. डॉक्टरनं ती दिव्याखाली धरली. पांढरीशुभ्र. मुळं शाबूत. किडलेली दाढ तिच्या शेजारी होती तिथेच होती. हिसका देताना त्याचं लक्ष दाढेकडे नव्हतंच. आपलं म्हणणं पटतंय का, ते तो गुरुजींच्या डोळ्यांत शोधत होता.

गुरुजींच्या तोंडात कापसाचा बोळा देऊन तो बेसिनपाशी हात धुवायला गेला. मागोमाग दाढेचा ट्रे घेऊन त्याची थोरली बहीण आली. दवाखान्यात हाताखाली तीच असे, आणि गुरुजींचं एकही प्रवचन चुकवत नसे.

"अरे, ही कुठली काढलीस?"

"हळू बोल."

डॉक्टरची बुद्धी तोवर कामाला लागलीही होती. एरवी ती इतक्या झपाट्यानं चालत नसे. खरं सांगितलं तर गुरुजींना मनस्ताप. बोभाटा झाला तर लोक घाबरून घरीच दात सडवत बसणार, म्हणजे गावाचं नुकसान. गप्प राहिलं तर? कळ पुन्हा उठेल, गुरुजी पुन्हा येतील, तेव्हा शेजारचीही काढता येईल. सगळ्यांचंच भलं. मुद्दा बिनतोड होता. इतका बिनतोड, की त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"जाऊ दे रे," बहीण पुटपुटली. "शेवटची दाढ ती, आज ना उद्या जायचीच. देवाच्या मनात आजच असेल. तू-मी कोण मध्ये बोलणारे?"

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. दोघांचं एकमत झालं होतं. लहानपणापासून पहिल्यांदाच.

"डॉक्टर!" गुरुजींनी हाक मारली. बोळा काढून ते उठून बसले होते. खालचा ओठ एका बाजूला लोंबत होता, शब्द बोबडे येत होते, हनुवटीवरून लाळ ओघळत होती. त्यांना पत्ता नव्हता. ते हसले, तेही अर्धंच. "हात हलका आहे रे तुझा. किती रात्री झोपू दिलं नाही या बयेनं! दाखव तरी."

बहिणीला ट्रे पुढे करावाच लागला. गुरुजींनी दाढ तळहातावर घेतली.

"बघा! दिसायला किती गोरीगोमटी आणि गुण बघा हिचे! उद्याचं प्रवचन हिच्यावरच. वरून साधू, आतून कीड. सगळ्यांना दाखवतो. इतकी वर्षं खाऊपिऊ घातलं आणि उलटली माझ्यावर. कृतघ्न मेली!"

"पुरे, गुरुजी!" डॉक्टर एकदम ओरडला. "काही दोष नाही तिचा. चांगली होती ती. चुकीची काढली मी. गुन्हेगार अजून तुमच्या तोंडातच आहे."

बहिणीनं डोळे मिटून घेतले. गुरुजींनी जिभेनं हिरडी चाचपून पाहिली. पण जीभही बधिर, तिला काय कळणार!

"मला कळलंच नसतं," ते म्हणाले.

"नसतं."

"मग बोललास कशाला? तुझ्या त्या बुद्धीनं सांगितलं?"

"छे. बुद्धी गप्प बस म्हणत होती. अगदी मुद्देसूद."

गुरुजींचे डोळे चमकले. दाढेचं दुःख कुठल्या कुठे पळालं. "म्हणजे देवानं सांगितलं! कबूल कर!"

बहीण खाकरली. "गुरुजी, देवाच्या बाजूनं मी बोलले होते."

"मग?"

"मीही गप्पच बस म्हणाले."

गुरुजी तळहाताकडे बघत बसले. मग त्यांनी दाढ सदऱ्याच्या बाहीला पुसली आणि जरा अदबीनंच खिशात ठेवली. "उगाच नावं ठेवली हिला," ते स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत आडवे झाले.

"काढ आता दुसरी. पण मघापासून तूच बोलतोयस. या खेपेला मी बोलणार. तू दाढेकडे बघ."

डॉक्टरनं चिमटा आत घातला आणि गुरुजींनी सुरुवात केली. आ, ओ, अं, आँ. मध्येच हात उंचावत, बोट रोखत, ते दणदणीत काहीतरी सांगत होते आणि त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. डॉक्टरच्या कपाळावर घाम आला होता. दाढेवरची नजर तसूभर न हलवता तो प्रत्येक वाक्याला अगदी मनापासून मान डोलवत होता आणि म्हणत होता, "हो, गुरुजी. बरोबर. अगदी बरोबर."