सावलीचं कापड

सलग पाच दिवस, मी परसात कपडे वाळत घालायला आले की डोक्यावर ड्रोनची घरघर सुरू व्हायची. पाचव्या दिवशी तो टिलीच्या टबावर येऊन थांबला. टिली आमची चार वर्षांची लेक. इथे डबो गावात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा; ती दिवसभर पाण्यातच असते.

शेजारच्या म्हाताऱ्या डग्लसना विचारलं, तर म्हणाले, "मला काय तुमचे टॉवेल बघायचेत, पोरी?"

पोलिसांनी फोनवर विचारलं, "नंबर दिसला का त्याचा?"

शेवटी माझा नवरा ग्रँट चिडला. शनिवारी त्याने खांब रोवले आणि अख्ख्या परसावर सावलीचं जाड कापड ताणून बांधलं. "आता बघ म्हणावं."

खाली छान गार झालं. टिली टबात बसली आणि घरघर सुरू झाली.

"वाजू दे," ग्रँट कापडाकडे बघत म्हणाला. "त्याला आता काही दिसत नाही."

मी टिलीकडे बघत होते. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी टबातलं पाणी थरथरत होतं आणि तिचे केस मागे उडत होते. तिने कपाळावरची बट कानामागे सारली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून हसली, फोटो काढताना हसते तशी.