एकतिसावी सही

दारू पिऊन गाडी चालवली म्हणून कोर्टानं क्लेटनला व्यसनमुक्ती गटाच्या तीस बैठका ठोठावल्या होत्या. चर्चच्या तळघरात तो दाराजवळच्या खुर्चीवर पाय हलवत बसायचा, सारखं घड्याळ बघायचा आणि बैठक संपली रे संपली की कोर्टाचा हजेरीचा कागद गट चालवणाऱ्या व्हर्नाबाईंपुढे आपटायचा.

"करा सही. त्या जज्जानं नुसता जीव खाल्लाय माझा!"

आजही त्यानं कागद आपटला. व्हर्नाबाईंनी चष्मा लावला. तिसावी सही त्यांनी गेल्या मंगळवारीच केली होती. हा कागद वहीतला होता. रकाने पट्टीनं आखलेले, आणि कोर्टाच्या शिक्क्याच्या जागी कॉफीचा कप ठेवून गिरवलेला गोल.

त्यांनी सही केली.


"मंगळवारी वेळेवर ये रे बाबा. नाहीतर तो जज्ज काही सोडायचा नाही तुला."